वहिनीच्या हातचं आंबट

एकोणीसशे अडुसष्ट साल. त्याच वर्षी आमच्या कामाच्या खोलीतल्या पायाने चालवायच्या शिलाई मशिनी गेल्या आणि विजेवरच्या आल्या, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. आणि त्याच हिवाळ्यात आमच्या घरात आई वहिनीच्या हातचं खाईनाशी झाली.

वडील गेल्यावर आईने घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम मांडलं. नवऱ्यामुलींचे लग्नातले पांढरे झगे ही तिची खासियत. हाताखाली चार-पाच बायका होत्या. शिंप्याला मास्तर म्हणतात, तशा त्या आईला मास्तरीणबाई म्हणायच्या. मी तेव्हा शाळा संपवून घरीच होते आणि तुरपाईला बसत होते. तुरपाई करणाऱ्याचं डोकं खाली असतं, त्यामुळे लोक त्याला विसरतात. घरातलं पुष्कळसं मला कळलं ते त्यामुळे.

त्या खोलीत एक नियम होता. पाणी आत आणायचं नाही. रेशमावर आणि साटीनवर पाण्याचा थेंब पडला की त्याचं वर्तुळ उमटतं, आणि धुवायला जावं तर कापडाची झळाळीच जाते. तहान लागली तर उठून स्वयंपाकघरात जायचं. पण कोणी उठलं की आई मान वर करून बघायची. ते बघणं असं होतं की बायका तहान मारून बसत. आई तर कधीच उठायची नाही. सकाळी उठल्यावर एक कप कोरा चहा, मग थेट दुपारचं जेवण. मधल्या वेळात तिच्या ओठांत टाचण्या असायच्या. टाचण्या धरूनच ती बोलायची, म्हणजे हुंकारायची. एक हुंकार म्हणजे उसव, दोन म्हणजे इस्त्री कर. लांब हुंकार आला तर आपण काहीतरी कायमचं बिघडवलेलं आहे असं समजायचं.

स्वयंपाक तेव्हा आत्या बघायची. वडिलांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच होती. आईपेक्षा मोठी, आई तिला वन्सं म्हणायची. आत्याचा जीव आमच्यावर होता, पण हाताला चव नव्हती. सगळं उकडायचं, मीठ घाबरत घालायचं, आणि आंबट-तिखटाने रक्त खराब होतं असं सांगायचं. दादा म्हणायचा, आत्याच्या हातचं जेवण आजारी नसलेल्या माणसालाही आजारी असल्यासारखं वाटायला लावतं.

दादा लांब पल्ल्याच्या मालगाड्यांवर ड्रायव्हर होता. गेला की कित्येक दिवस यायचा नाही. त्याने स्वतः ठरवून लग्न केलं आणि वहिनीला आणलं. तिला आईवडील नव्हते. मामाकडे वाढलेली, आणि लग्नाच्या दिवशी मामाने तिचं सगळं सामान बरोबर देऊन टाकलं होतं, शाळेतल्या वह्यांसकट. म्हणजे परत यायचं नाही हे न बोलता सांगितलं. लग्नाआधी ती एका औषधांच्या दुकानात कामाला होती. पुड्या बांधणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं असलं काम. ही गोष्ट तिने आल्या आल्या मोकळेपणाने सांगितली. सांगितली नसती तर बरं झालं असतं.

वहिनीच्या हाताला मात्र चव होती. तिने स्वयंपाकघर हातात घेतलं आणि घराचा वासच बदलला. टोमॅटोचा आंबटसर रस्सा, तळलेल्या माशावर पिळलेलं लिंबू, बटाट्यांवर मिरपूड. आम्ही बोटं चाटत होतो. आत्या ताटाकडे बघत म्हणायची, छान आहे हो, पण पोट काय म्हणतंय ते उद्या कळेल.

पोट काही म्हणालं नाही. म्हणाला तो आईचा जबडा.

एका दुपारी आईने माशाचे दोन घास घेतले आणि हात थांबवला. डाव्या जबड्याखाली, गळ्याच्या वरच्या अंगाला, आमच्यादेखत फुगवटा वर आला. कोंबडीचं लहानसं अंडं कातडीखाली ठेवावं तसा. ताण बसून दुखायला लागलं, कानापर्यंत सणक गेली. तिने ताट सारलं. तास-दोन तासांत सूज आपोआप उतरली. वाटलं दाढ असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी जेवणात आंबट नव्हतं, तर थोडीच सुजली. मग परत मोठी. जेवायला बसली की सूज, उठली की ओहोटी.

आत्याने सगळ्यांत आधी तोंड उघडलं. कोणाचं नाव घेतलं नाही. नुसतं म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंस गं, कधी सुजलीस का?"

आईने तिला गप्प केलं, पण तिचं वाक्य ताटाशेजारी बसून राहिलं.

वहिनी म्हणाली की डॉक्टरांना दाखवू या, ती काम करायची त्या दुकानाशेजारीच कान-नाक-घशाचे डॉक्टर बसतात, चांगले आहेत. तिला वाटलं आपण सुचवतोय, मदत करतोय. आईने ऐकलं ते वेगळंच. दुकानाशेजारचा डॉक्टर म्हणजे हिच्या ओळखीचा. हिच्या ओळखीचा म्हणजे हिच्या बाजूचा. आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, औषधाच्या दुकानात माणूस कशाने बरं होतं ते शिकवतात, तसं कशाने पडतं तेही कळतंच ना.

मी म्हटलं, एकाच भांड्यातलं आपण सगळे खातो. आत्याकडे उत्तर तयार होतं. भांड्यात नाही, ती ताटात घालते. मग एकदा जेवायला बसताना मी आईचं ताट माझ्याकडे ओढलं आणि माझं तिच्याकडे सारलं, जागा चुकली असं दाखवून. मी सगळं खाल्लं, मला काही झालं नाही. आई माझ्या ताटातलं जेवली आणि सुजली. मला वाटलं आता तरी मिटेल. आत्या म्हणाली, ताटं बदलणार हे तिला कळलं असेल, ती काय कच्च्या गुरूची चेली आहे?

खरं सांगायचं तर मी नुसती वहिनीवर विश्वास ठेवून बसले होते असंही नाही. मला आत्याचाच संशय यायला लागला होता. स्वयंपाकघर हातातून गेल्याचं दुःख तिला होतंच. तीच तर काही घालत नसेल, वहिनीवर यावं म्हणून? मी आत्याच्या पदराची गाठसुद्धा बघायचे, काही बांधलंय का. गाठीत निघाला खडीसाखरेचा तुकडा. वहिनी माझ्याकडे बघायची, मी आत्याकडे, आत्या वहिनीकडे आणि आई आम्हा तिघींकडे. चार बायका एका ओट्याभोवती, आणि मिठाच्या डब्याचं झाकण कोणी उघडलं ते चौघींना ठाऊक.

आईने शेवटी ठरवलं. आपलं जेवण आत्याने वेगळं करायचं. पातळ, बिनआंबट, गिळून टाकायचं. चहा स्वतःच्या हाताने. मसाल्याच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मनगटावरच्या टाचणीच्या उशीला अडकवली. आणि झालं काय, तर सूज थांबली. अगदी नाही असं नाही, पण कधी जराशी, कधी तीही नाही. आत्याचा चेहरा उजळला. कामाच्या बायकांनाही कळलंच. काज करणारी तर म्हणाली, मास्तरीणबाई, देवाने वाचवलं.

वहिनी त्यानंतर बोलेनाशी झाली. स्वयंपाक करायची, वाढायची, भांडी घासायची. एक नवीन सवय तिने लावून घेतली. कोणालाही काही प्यायला द्यायचं झालं, गिऱ्हाइकाला असो की मला, तर समोर उभी राहून आधी स्वतः एक घोट घ्यायची आणि मग पेला पुढे करायची. चेहऱ्यावर काही नाही. पहिल्यांदा मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी पेला तसाच खाली ठेवला.

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी येणार असा निरोप आला. त्या संध्याकाळी कापड गुंडाळता गुंडाळता आई मला म्हणाली की उद्या जेवण झालं की त्याच्याशी बोलणार. ही बाई आणि मी एका छपराखाली नको. त्याला बायको हवी असेल तर त्याने तिला घेऊन दुसरीकडे राहावं, नाहीतर तिला मामाकडे पोचवावं. मी म्हटलं, मामा दार उघडणार नाही. आई म्हणाली, "ते मामाने बघावं. मला जगायचंय."

दादाला दुसरं घर परवडण्यासारखं नव्हतं, आणि तो घरी असायचाच किती. म्हणजे वहिनी रस्त्यावर येणार हे मला, आईला आणि आत्याला, तिघींना स्पष्ट दिसत होतं. वहिनीलाही दिसत असावं. तिने सकाळी आपली पेटी आवरून खाटेखालून बाहेर काढून ठेवली होती.

दादा आला, आंघोळीला गेला. वहिनी त्याच्यासाठी मासे करायला लागली. आम्ही कामाच्या खोलीत होतो. एका नवरीची शेवटची ट्रायल होती. मुलगी स्टुलावर उभी, मोठ्या आरशासमोर, आणि आई गुडघ्यांवर बसून झग्याचा घेर टाचत होती. तोंडात टाचण्यांची रांग. सकाळच्या कोऱ्या चहाशिवाय पोटात काही नव्हतं. तो चहाही तिने स्वतः केलेला, स्वतः विसळलेल्या कपात.

दार कोणीतरी उघडं ठेवलं होतं. आतून मासा तळल्याचा वास आला आणि मागोमाग गरम माशावर लिंबू पिळल्यावर येतो तो वास. माझ्याच जिभेखाली पाणी आलं. मी सुई थांबवली.

आरशात नवरीचा चेहरा बदलला. "मास्तरीणबाई, तुमचा गळा," ती म्हणाली.

आईच्या डाव्या जबड्याखाली अंडं वर आलं होतं. नेहमीसारखं, ताणलेलं, चकचकीत. तिचा हात तिकडे गेला. मग तिने तोंडातल्या टाचण्या एकेक काढल्या आणि मनगटावरच्या उशीत टोचल्या, सावकाश, शेवटची निघेपर्यंत. तिने आरशात स्वतःकडे बघितलं. नंतर उघड्या दाराकडे. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली आणि तुरपाईचा टाका घेतला, कुठे घेतला देव जाणे. पुढे तो उसवावा लागला.

हे आमच्या दोघींतच राहणार होतं. नवरीला त्याचा अर्थ माहीत नव्हता. आईने गळ्याला रुमाल बांधला, कोपरा जबड्यावर ओढून घेतला आणि जेवायला गेली. मला वाटलं, आता ही वासाचं काहीच बोलणार नाही. सूज दाखवेल आणि म्हणेल, बघ तुझ्या बायकोचे प्रताप. कोण तपासणार होतं?

आत्याने रुमाल बघितला मात्र, लगेच ओळखलं. दादाला म्हणाली, आईचा गळा बघ, आज परत सुजलाय, हिच्या हातचं काहीतरी पोटात गेलंच असणार, कशातून तरी दिलंच असणार. दादा घास हातात धरून बसला. वहिनी दाराशी उभी होती. तिची पेटी आम्हा सगळ्यांना दिसत होती.

आईने रुमाल सोडला.

"मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, वन्सं," ती म्हणाली. "नुसता वास आला."

आत्या म्हणाली की वासातूनही पुष्कळ गोष्टी जातात. दादा पुढच्या खोलीकडे बघत म्हणाला, आत्या, मग ती नवरी अजून आरशासमोर उभी कशी, तीही सुजायला हवी. हसावं की नाही हे कोणाला कळेना. आत्याने आपलं ताट पुढे ओढलं. आईने माशाची बशी स्वतःकडे ओढली, बघितली, आणि परत सारली. भूक असूनही. दुखत होतं तिला.

दादाने तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, औषधांच्या दुकानाशेजारच्या, आणि सोबतीला मला. डॉक्टर म्हातारे होते, जाड भिंगांचा चष्मा. आई त्यांच्याकडेही संशयाने बघत होती. त्यांनी आधी काही विचारलं नाही. कंपाउंडरला लिंबाची फोड आणायला सांगितली, आईला म्हणाले चोखा, आणि बघत बसले. अंडं वर आलं. मग एक बोट तोंडात जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखाली, असं दोन्हीकडून चाचपत गेले. एका जागी थांबले. आईचं बोट धरून तिला तिथे लावायला लावलं. जिभेच्या मुळाशी, आतल्या बाजूला, काहीतरी टणक. तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठं.

त्यांनी समजावून सांगितलं. जबड्याखाली लाळ तयार करणारी ग्रंथी असते, तिथून एक बारीक नळी जिभेखाली उघडते. त्या नळीत खडा धरलाय. चांगलंचुंगलं समोर आलं, नुसता वास आला, तरी लाळ सुटते, तिला वाट मिळत नाही, ती मागे तुंबते. बेचव जेवणाला लाळ फारशी सुटत नाही, म्हणून सूजही फारशी नाही. नंतर हळूहळू खड्याच्या कडेने पाझरते आणि उतरते. विष वगैरे काही नाही, बाई. विषाची गोष्ट त्यांच्याशी कोणी काढली होती? मी दादाकडे बघितलं. दादा चपलेकडे बघत होता.

मग ते म्हणाले, पाणी किती पिता?

आईने सांगितलं, कामाच्या खोलीत पाणी नसतं. का नसतं तेही सांगितलं, रेशीम, वर्तुळ, झळाळी. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कापड कोरडं राहायला हवं हे खरं, पण म्हणून तुम्हीही कोरडं राहायचं असं कोणी सांगितलं? तोंड कोरडं राहिलं की असले खडे धरायला सोपं जातं. आईने टाचण्यांचं विचारलं, त्यांनी तर नसेल झालं? नाही, टाचण्यांचा दोष नाही, पण तोंडात टाचण्या असल्या की माणूस पाणीही पीत नाही आणि डॉक्टरकडे चल असंही म्हणू शकत नाही.

एक्स-रेचा फोटो काढला, त्यात पांढरा ठिपका दिसला. उपाय सांगितले ते असे. दिवसभर थोडं थोडं पाणी. जेवणाआधी आणि अधूनमधून लिंबाची फोड किंवा आंबट गोळी चोखायची, म्हणजे लाळेचा जोर येऊन खडा पुढे सरकेल. गरम कापडाने शेक. शेकून झालं की जबड्याखाली मागून पुढे, हनुवटीकडे, बोटांनी दाबत आणायचं. ताप आला, लाल झालं, तोंडात घाण चवीचा पू आला, तर ताबडतोब यायचं, वाट बघायची नाही. आणि आपणहून नाही निघाला तर जिभेखाली छोटासा छेद देऊन काढू.

म्हणजे इतके दिवस जे आंबट तिला मारतंय असं आम्ही समजत होतो, तेच औषध निघालं. आणि ते करायचं कोणी? लिंबू, रस्सा, मासा?

वहिनीने पेटी आत ढकलली नाही, तशीच ठेवली. पण शेक तिने दिला. इस्त्रीवर फडकं तापवून, हाताच्या पाठीवर आधी लावून बघून, मग आईच्या जबड्याला. बोटांनी मागून पुढे. आई डोळे मिटायची नाही. छताकडे बघत राहायची, पाठ ताठ. शेक झाला की वहिनी लिंबाचं पाणी आणायची, समोर उभी राहायची, आधी स्वतः एक घोट घ्यायची, आणि मग पेला पुढे करायची. आई घ्यायची, प्यायची. रोज असंच. दादा परत गाडीवर गेला. मला तो घोट बघवायचा नाही, पण वहिनीला थांब म्हणायचा माझा काय अधिकार?

मग एकदा वहिनीने पेला तोंडाला लावला आणि आईने तिचं मनगट धरलं.

"उष्टं पाणी किती दिवस पाजणार आहेस मला? सरळ दे."

वहिनीने पेला खाली घेतला. म्हणाली, "आई, तुम्हांला खात्री आहे ना? लिंबू फार आंबट आहे."

"असू दे. तुझ्यापेक्षा कमीच असेल."

आईने पूर्ण पेला रिकामा केला. वहिनीने त्याच संध्याकाळी पेटी खाटेखाली सरकवली.

खडा निघाला तो रश्श्याच्या जेवणात. आईने तोंडावर हात धरला, काहीतरी दाताशी खडखडलं, आणि तिने ते ताटाच्या कडेला काढून ठेवलं. पिवळट, खडबडीत, लांबट. आत्या पटकन म्हणाली, हे बघा, साधे तांदूळ निवडता येत नाहीत हिला. आई म्हणाली, वन्सं, हा खडा माझा आहे. त्या दिवशी ती पुष्कळ जेवली आणि जबडा सपाट राहिला. खडा तिने धुऊन टाचण्यांच्या डबीत ठेवला.

माफी वगैरे आईने कधी मागितली नाही. मसाल्याच्या कपाटाची किल्ली मात्र उशीवरून काढून वहिनीच्या हातात दिली. आणि कामाच्या खोलीत दाराशेजारच्या फळीवर झाकणाचा पाण्याचा तांब्या आला, रेशमापासून लांब. पहिल्या दिवशी एकही बाई उठली नाही. मग आईच उठली, सगळ्यांच्या समोर प्यायली, आणि दोनदा हुंकारली. इस्त्री कर असा त्याचा अर्थ नव्हता हे सगळ्यांना कळलं.

आई त्यानंतर पुष्कळ जगली. खडा पुन्हा झाला नाही. टाचण्या मात्र शेवटपर्यंत तोंडातच. आत्या दोन खोल्यांपलीकडच्या खाटेवरून म्हातारपणी वहिनीच्या हातचा रस्सा मागवायची आणि संपवून म्हणायची की जरा आंबट झालाय. दादाने गाडी सोडली आणि तयार झगे दुकानांत पोचवायला लागला. डॉक्टर लवकरच गेले, त्यांच्या जागी मुलगा बसला, त्याच्याकडे लिंबू नव्हतं, यंत्रं होती. ती नवरी आपल्या मुलीचा झगाही आमच्याकडेच शिवून घेऊन गेली. काज करणारी लग्न करून दूर गेली. टाचण्यांची डबी घर बदलताना हरवली, खड्यासकट. माझं लग्न झालं, संसार झाला, नवरा गेला, आणि मी परत याच घरात आले, वहिनीकडे. तोवर आईची मशीन वहिनीच चालवत होती.

वहिनी गेल्या वर्षी गेली. शेवटच्या आजारात मी औषधाचा पेला घेऊन तिच्या खाटेशी गेले की मान वळवायची, माझ्याकडे तिरकं बघायची, आणि म्हणायची, "आधी तू पी."